हूक, बाण आणि वेळापूरचा सूर

दिल्लीच्या इंदिरा गांधी स्टेडियममध्ये १९ जानेवारी २०२५ ला पहिल्या खो-खो विश्वचषकाची पुरुषांची फायनल झाली. भारत विरुद्ध नेपाळ. पहिलं आक्रमण भारताचं होतं. सुरुवातीलाच रामजी कश्यपने आकाशीय सूर मारला आणि नेपाळचा सूरज पुजारा बाद झाला. पहिला टर्न संपला तेव्हा फलकावर २६-० होते. पुढे सामना भारताने ५४-३६ असा जिंकला. कप्तान प्रतीक वाईकर पुण्याचा. आणि तो पहिला सूर मारणारा रामजी आमच्या माळशिरस तालुक्यातल्या वेळापूरचा. वारीच्या वाटेवर ज्ञानोबांची पालखी मुक्कामाला थांबते ते वेळापूर, अर्धनारी नटेश्वराच्या जुन्या देवळाचं वेळापूर.

आकाशीय सूर कधी थांबवून थांबवून बघितलाय? पाठलाग करणारा खेळाडू धावता धावता अंग आडवं करतो, हात पुढे ताणतो आणि स्वतःला हवेत सोडून देतो. पाय मॅटवरून सुटले की विषय संपला. आता दिशा बदलता येत नाही, वेग वाढवता येत नाही, ‘थांब, चुकलं’ म्हणता येत नाही. पळणारा तिथे सापडला तर बाद. नाही सापडला तर तुम्ही पोटावर पालथे आणि तो चार पावलं पुढे. तुम्ही उठेपर्यंत संघाचे मोलाचे क्षण गेले.

तुमच्यातले जे फोनवर किंवा पीसीवर टीम गेम खेळतात, त्यांना ही भानगड लगेच ओळखू येईल. गेमिंगमध्ये तिला स्किलशॉट म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. या गेम्समध्ये प्रत्येक पात्राकडे काही खास शक्ती असतात. त्यातल्या काही अशा की शत्रूवर क्लिक केलं की त्या लागणारच. तो पळो, वळो, लपो. दुसऱ्या प्रकारात तुम्ही फक्त दिशा देता. गोष्ट सुटते, सरळ जाते, वाटेत जो येईल त्याला लागते. कोणी नाही आलं तर वाया. एकदा वाया गेली की ती पुन्हा वापरायला दहा-पंधरा सेकंद थांबायचं, आणि ती पंधरा सेकंदं समोरच्या पाच जणांना पक्की माहीत असतात. स्किलशॉट म्हणजे हा दुसरा प्रकार. त्याचा इतिहास मला फार दिवसांपासून सांगायचा होता, कारण त्यात नेमबाजीपेक्षा वेगळंच काहीतरी घडलेलं आहे.

नेम म्हटलं की आपल्याकडे अर्जुन येतो. झाडावरचा पक्षी, ‘मला फक्त डोळा दिसतो’, द्रोणाचार्य खूश. लहानपणी ही गोष्ट ऐकून आपण सगळे भारावलेलो असतो. पण जरा विचार करा, तो पक्षी खोटा होता आणि जागेवर बसलेला होता. ही क्लिक करून मारायची परीक्षा झाली. खरी परीक्षा पुढे स्वयंवरात होती. लोकांच्या तोंडी असलेल्या कथेत वर मासा फिरतोय, खाली पाण्यात त्याचं प्रतिबिंब आहे, आणि नेम प्रतिबिंब बघून धरायचाय. हलणारं लक्ष्य, तेही थेट न दिसणारं. ऑनलाइन गेम खेळणारा रोज याच अवस्थेत असतो, ते कसं ते पुढे येईलच.

आणखी एक नेमबाज आपल्या रानात होता. ज्वारी हुरड्यात आली की माळ्यावर उभा राहून गोफण फिरवणारा राखण्या. शहरातल्या माणसाला वाटतं तो पाखरं मारायचा. थव्यातलं एखादं पाखरू मारून काय मिळणार? धोंडा थव्याच्या पुढच्या बाजूला पडला की थवा मागे वळतो, बांधापलीकडे जातो. पीक वाचतं. गोफणीचा धोंडा कोणाला लागण्यासाठी नसायचाच मुळी, तो पाखरांना नको त्या जागेवरून हवं त्या जागी हलवण्यासाठी असायचा. हे वाक्य लक्षात ठेवा, जगातले मोठे मोठे गेमर हेच शिकायला कितीतरी वर्षं घालवतात.

आता कॉम्प्युटरकडे. जून १९९६ मध्ये ‘क्वेक’ हा गेम आला. त्यातल्या रॉकेट लाँचरचं रॉकेट सुटल्यावर पोचायला वेळ घ्यायचं, तेवढ्यात समोरचा बाजूला सरकायचा. खेळाडू दोन गोष्टी लवकर शिकले. एक, तो आहे तिथे मारायचं नाही, तो असेल तिथे मारायचं. दोन, उडी मारलेला माणूस कुठे उतरणार हे जवळपास ठरलेलं असतं, तर त्या उतरण्याच्या जागी जमिनीवरच रॉकेट फोडायचं. हवेत सुटलेला माणूस स्वतःच्या इच्छेचा मालक राहत नाही, हा शोध तिथे लागला. वेळापूरच्या मैदानावर तो आधीपासून माहीत असणार, फक्त उलट्या बाजूने. १९९७ च्या शेवटी ‘क्वेक २’ आला, त्यात रेलगन होती. ट्रिगर दाबला की त्याच क्षणी रेषेत असेल त्याला लागणार. एकाच कंपनीच्या दोन गेम्समध्ये दोन्ही जातींची हत्यारं तयार झाली, आणि तेव्हापासूनचा वाद अजून मिटलेला नाही: कौशल्य कशात जास्त?

टीम गेमची कथा सुरू होते ती ‘वॉरक्राफ्ट ३’ पासून. मूळ गेम २००२ चा, विस्तार २००३ चा. त्याच्यासोबत नकाशे तयार करायचं साधन मिळायचं आणि जगभरातली पोरं त्यात स्वतःचे खेळ बनवायची. त्यातल्या एका नकाशाचं नाव ‘डोटा’. पाच विरुद्ध पाच, तीन वाटा, दोन तळ. आधी यूल नावाने वावरणाऱ्या एकाने तो बनवला, मग स्टीव्ह फीकने ‘ऑलस्टार्स’ नावाने वाढवला, मग २००५ पासून आइसफ्रॉग या टोपणनावाच्या माणसाने सांभाळला. पगार नाही, कंपनी नाही.

या नकाशात पज नावाचं एक पात्र आहे. ढेरपोट्या खाटीक, हातात साखळीला बांधलेला आकडा. तो आकडा फेकायचा आणि ज्याला लागेल त्याला खेचून आणायचं. विहिरीत पडलेली बादली काढायला गळ टाकतात ना, तसंच. मूळ ‘वॉरक्राफ्ट’मध्ये असली शक्तीच नव्हती. तिथली बहुतेक जादू क्लिक करून लागणारी. नकाशा बनवणाऱ्यांनी हा आकडा स्वतः कोड लिहून घडवला. लोकांना तो इतका आवडला की ‘पज वॉर्स’ नावाचा वेगळा नकाशा निघाला. त्यात सगळेच खाटीक, मध्ये नदी, आणि दिवसभर एकमेकांना पलीकडून गळाने ओढायचं. बाकी काही नाही.

पजच्या हूकचा नियम फार हुशारीचा आहे. तो वाटेत येणाऱ्या पहिल्या जिवाला धरतो, मग तो शत्रू असो, मध्ये फिरणारा फुटकळ शिपाई असो, की तुमचाच साथीदार. त्यामुळे चांगल्या खेळाडूसमोर पज आला की तो शिपायांच्या मागे उभा राहतो. आता पजने हूक टाकलाच नाही तरी त्या माणसाला अर्ध्या मैदानात जाता येत नाही. गोफण आठवली? हूक हातात असेपर्यंत त्याची जरब सगळीकडे असते, सुटला आणि हुकला की पुढची काही सेकंदं तुम्ही साधे खाटीक. नवशिक्या पज आणि मुरलेला पज यांच्यातला फरक नेमात कमी आणि राखून ठेवण्यात जास्त दिसतो. शिवाय हूक लागला म्हणून काम झालं असंही नसतं. समोरच्या संघातला सगळ्यात टणक, मारामारीसाठीच टपून बसलेला गडी तुम्ही स्वतःच्या पाच जणांच्या मध्यात ओढून आणलात, तर ते विकतचं दुखणं. नेम अचूक, निर्णय वाईट.

ऑगस्ट २०१३. अमेरिकेतलं सिएटल. ‘डोटा २’ची तिसरी आंतरराष्ट्रीय स्पर्धा, बक्षिसाची रक्कम २८ लाख ७० हजार डॉलरच्या पुढे. युक्रेनचा नातुस विन्सेरे म्हणजे नावी हा संघ आणि चीनचा टाँगफू यांच्यात तिसरा, निर्णायक गेम. नावी मागे पडलेला. पज खेळत होता डेंडी, म्हणजे दानिलो इशुतिन. कप्तान पप्पे, म्हणजे एस्टोनियाचा क्लेमेंट इवानोव, चेन या पात्रावर होता. चेनकडे साथीदाराला स्वतःच्या तळावरच्या झऱ्यापाशी परत पाठवायची शक्ती होती, पण ती लावल्यावर काही सेकंदांनी फळाला येई. यांनी काय केलं? पप्पेने डेंडीवर ती शक्ती लावली. डेंडी थांबला. आणि जाण्याच्या अगदी आधीच्या क्षणी त्याने हूक टाकला. हूक शत्रूला लागला, त्याच वेळी डेंडी तळावर पोचला, आणि साखळी आपली मालकाकडे परत निघाली. अख्ख्या नकाशावरून फरफटत शत्रू थेट झऱ्यात. झरा परक्याला काही क्षणांत मारतो. एकदा झालं, लोक हसले. पुन्हा झालं, पुन्हा झालं. नावीने गेम जिंकला. पुढे फायनलला गेले आणि स्वीडनच्या अलायन्सकडून ३-२ हरले.

हा खेळ की लबाडी यावर तेव्हा प्रचंड भांडणं झाली. गेम बनवणाऱ्यांनी पुढे तो रस्ता बंदच केला. माझं मत विचाराल तर ती लबाडी नव्हती, नियमांतली फट होती आणि ती दोघांनी मिळून मोजलेली होती. पण मला त्या प्रसंगात वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. व्हिडिओच्या शीर्षकात नाव डेंडीचं. गाणी, टी-शर्ट, चाहते डेंडीचे. आणि घड्याळ पप्पेचं. पप्पेची शक्ती कधी लागली यावर सगळं अवलंबून होतं. ती अर्धा सेकंद पुढे-मागे झाली असती तर जगातला सर्वोत्तम हूकसुद्धा एक साधा हूक राहिला असता.

‘डोटा’मध्येच मिराना नावाची धनुर्धारी आहे. तिचा बाण जितका लांब जाऊन लागेल तितका जास्त वेळ समोरचा सुन्न होतो, त्या काळात जास्तीत जास्त पाच सेकंद. पाच सेकंद म्हणजे मरणच. पण लांबून लागणार कसा? त्यावर जो उपाय निघाला त्याने मला पहिल्यांदा ही सगळी भानगड कळली. शॅडो डीमन नावाचं एक पात्र शत्रूला अडीच-पावणेतीन सेकंद नकाशावरून गायब करतं. तेवढ्या वेळात त्याला काही करता येत नाही, आणि परत येतो तो बरोबर त्याच जागी. तर शॅडो डीमनने गायब करायचं, मिरानाने अंतर मोजून रिकाम्या जागेवर बाण सोडायचा. तो परत प्रकटतो आणि बाण छातीत. यात अंदाज औषधालाही नाही. प्रेक्षकाला वाटतं काय नेम आहे! नेम कसला, त्या माणसाला हलायला जागाच उरलेली नाही.

याच्या अगदी उलट टोकाला कोरियाचा मॅडलाइफ, म्हणजे हाँग मिन-गी. ‘लीग ऑफ लेजंड्स’ (२००९) या गेममध्ये ब्लिट्झक्रँक नावाचा यंत्रमानव आहे, त्याचा हात लांब जाऊन माणूस धरून आणतो. त्या गेममध्ये प्रत्येकाकडे ‘फ्लॅश’ असतो, क्षणात थोडं अंतर उडी मारून सुटायचा मार्ग, पण एकदा वापरला की काही मिनिटं बंद. बाकीचे लोक हात माणसाच्या दिशेने टाकत. मॅडलाइफ बघायचा की हा घाबरलाय, आता फ्लॅश मारणार, आणि भिंत इकडे, आमची माणसं तिकडे, म्हणजे तो तिसऱ्याच जागी जाणार. त्या मोकळ्या जागेत तो हात टाकायचा आणि शत्रू स्वतः उडी मारून त्या हातात यायचा. २०१२ च्या जागतिक स्पर्धेत त्याचा अझुबू फ्रॉस्ट संघ दुसरा आला. त्या वर्षी समालोचकांना त्याच्यासाठी शब्द कमी पडत. लोक म्हणायचे याला भविष्य दिसतं. भविष्य वगैरे काही नाही, त्याला भीती दिसायची. घाबरलेल्या माणसाकडे पर्याय फार नसतात आणि ते आधीच मोजून ठेवता येतात.

इथून खो-खोत यायला मला एक पाऊलही चालावं लागत नाही. खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये बांधायला घेतले. पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० ला विजयवाड्यात झाली. शाळेत आपण सगळ्यांनी तो खेळलाय, म्हणून त्याच्या नियमांकडे कधी नीट बघितलेलं नसतं. पारंपरिक खो-खोत आठ जण आलटून पालटून उलट-सुलट तोंडं करून बसलेले, नववा पाठलागावर. पाठलाग करणाऱ्याला एकदा दिशा पकडली की मागे वळायची मुभा नाही, मधली रेघ ओलांडायची मुभा नाही, बाजू बदलायची तर खांबाला वळसा घालून. पळणाऱ्याला मात्र सगळं मैदान मोकळं. म्हणजे खेळ रचणाऱ्यांनी आक्रमकाला मुद्दाम हूकसारखं बनवलं: सरळ जाणारा, एकदा सुटला की न वळणारा. आणि बदल्यात दिला खो. मी चुकीच्या बाजूला आहे? मग बसलेल्याला उठवतो. नवी दिशा, नवा बाण.

पळणाऱ्याचं मुख्य हत्यार साखळी. बसलेल्या गड्यांच्या मधून एका लयीत नागमोडी निघत राहायचं. लय लागली की मिनिट-दीड मिनिट सहज निघतं. आता या माणसाच्या मागे धावून उपयोग नाही, तो नेहमी अर्धं पाऊल पुढेच राहणार. मग चांगला संघ काय करतो? खो पटापट देऊन लय मोडतो. एखादा खो मुद्दाम उशिरा देतो. हूल देतो. साखळीचा एक-एक दुवा तुटत पळणारा खांबाकडे ढकलला जातो, आणि खांबापाशी त्याच्याकडे दोनच वाटा उरतात, कधी एकच. आता सूर. मिरानाचा बाण आणि खांबावरचा सूर यांच्यात मला तरी तत्त्वाचा काही फरक दिसत नाही. दोन्हीकडे शेवटचा माणूस टाळ्या घेतो आणि समोरच्याची जागा कमी करायचं काम आधीच्या तिघा-चौघांनी केलेलं असतं.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये पुण्यात अल्टिमेट खो-खो लीग सुरू झाली तेव्हा ‘वजीर’ आला, कुठल्याही दिशेने पळू शकणारा एक आक्रमक. रामजी त्या लीगमध्ये चेन्नई क्विक गन्सकडून खेळला. पॉवरप्ले घेतला की दोन वजीर. जुन्या लोकांनी नाकं मुरडली. पण गेम खेळणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. प्रत्येकाकडे एक मोठी शक्ती, ती कधी खर्च करायची हा प्रश्न, आणि ती खर्च झालेली दिसताच समोरच्याने सोडलेला सुस्कारा. हे सगळं ओळखीचं आहे.

मैदानात एक सोय मात्र असते. समोरचा जिथे दिसतो तिथेच असतो. ऑनलाइनमध्ये नाही. इथे ते स्वयंवरातलं प्रतिबिंब येतं. तुमच्या स्क्रीनवर दिसणारा शत्रू थोडा जुना असतो. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन किमान ३९ मिलिसेकंद, प्रत्यक्षात तारा वळणं घेतात, म्हणून बरेच जास्त. कित्येक वर्षं भारतातली पोरं सिंगापूरच्या सर्व्हरवर खेळत होती. ‘व्हॅलोरंट’ जून २०२० मध्ये आला तेव्हाही आधी तसंच, मुंबईचा सर्व्हर त्याच वर्षी नंतर लागला.

तालुक्याच्या गावात त्यात टॉवरची भर. सर्व्हर मुंबईत असला तरी संध्याकाळी सगळं गाव एकदम ऑनलाइन आलं की पिंग कधी ६० तर कधी २००. हिशेब करून बघा. ‘डोटा’तलं पात्र सेकंदाला साधारण ३०० एकक चालतं. हूकची पकड मध्यापासून १०० एकक. २०० मिलिसेकंदात माणूस ६० एकक सरकलेला असतो, म्हणजे पकडीच्या निम्म्याहून जास्त जागा नेटवर्कनेच खाल्ली. त्यातही पिंग कायम २०० असेल तर हात त्याला सरावतो, नेम तेवढा पुढे धरतो. खरा वैरी म्हणजे वर-खाली होणारा पिंग. व्हॅल्व्ह कंपनीच्या यान बर्नियरने २००१ मध्ये यावरचा एक उपाय लिहून मांडला: सर्व्हरने काळ थोडा मागे न्यायचा आणि गोळी झाडणाऱ्याला तेव्हा काय दिसत होतं ते बघून निकाल द्यायचा. बंदुकीच्या क्षणात लागणाऱ्या गोळीला तो चालतो. हवेतून वेळ घेत जाणाऱ्या हूकला, बाणाला, बॉम्बला तो तसा लावता येत नाही. म्हणजे ज्या कौशल्याला आपण सगळ्यात जास्त मान देतो, त्यालाच खराब नेटवर्कची सगळ्यात जास्त झळ बसते. नातेपुते किंवा पिलीवचा पोरगा आणि पुण्यात फायबरवर बसलेला पोरगा यांच्यात तुलना करताना हे कोणी धरत नाही.

आपल्याकडचा बाकीचा इतिहास धावता आहे. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, मार्च २०१८ ला ‘पबजी मोबाइल’. एप्रिल २०१९ मध्ये मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममध्ये ‘डोटा २’ची ईएसएल वन स्पर्धा झाली, तीन लाख डॉलरची. मग बंदीचा काळ. जून २०२० मध्ये ५९ ॲप बंद झाली त्यात ‘मोबाइल लेजंड्स’ होतं, म्हणजे फोनवर स्किलशॉट शिकवणारा मोठा गेम गेला. २ सप्टेंबर २०२० ला ‘पबजी’ गेला. ‘बीजीएमआय’ २ जुलै २०२१ ला आला, २८ जुलै २०२२ ला दुकानातून गायब झाला, मे २०२३ मध्ये परत. ‘फ्री फायर’ १४ फेब्रुवारी २०२२ ला बंद. अकलूजच्या एखाद्या पोराने चार वर्षांत चार वेळा शून्यापासून सुरुवात केली असेल तर नवल नाही. याच गोंधळात, ऑगस्ट २०२२ मध्ये, बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल ई-स्पोर्ट्स स्पर्धेत मोईन एजाझच्या नेतृत्वाखाली भारताच्या ‘डोटा २’ संघाने न्यूझीलंडला हरवून कांस्यपदक घेतलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांचा भाग मानलं. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळं ठेवून मान्यता दिली.

कागदावर मान्यता मिळाली, घरात नाही. आणि घरच्यांचं चुकतंय असं मला सरसकट म्हणवत नाही. महाराष्ट्रात प्रावीण्य मिळवलेल्या खेळाडूंना सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला सवलतीचे गुण आहेत. खो-खोच्या राष्ट्रीय पदकातून वर्दी मिळते, हप्ता फिटतो, बहिणीचं शिक्षण होतं. हूकमधून अजून तरी यातलं काही मिळत नाही. आई फोन हिसकावून घेते तेव्हा तिच्या मनात हे गणित असतं, तिला ते असं मांडता येवो न येवो. मुलींचा प्रश्न तर आणखी सरळ. घरात एकच बरा फोन असेल तर तो कोणाच्या हातात असतो ते तुम्हाला माहीत आहे. विश्वचषकात मुलींनीही नेपाळला ७८-४० असं हरवलं, कप्तान प्रियांका इंगळे. मैदानाने मुलींना जागा दिली, ती स्क्रीनने अजून दिलेली नाही.

मात्र एका बाबतीत दोन्हीकडची पोरं सारखीच फसतात, आणि फसवणारी गोष्ट तीच आहे: क्लिप. रीलमध्ये पंधरा सेकंदं असतात. पंधरा सेकंदांत डेंडीचा हूक मावतो, पप्पेचं थांबणं मावत नाही. रामजीचा सूर मावतो, त्याच्या आधीचे चार खो मावत नाहीत. मग पोरं क्लिपसाठी खेळायला लागतात. दिसेल त्या क्षणी हूक सोडतात, दिसेल तिथे सूर मारतात. ‘व्हॅलोरंट’मध्ये सोवा नावाचा तिरंदाज आहे, त्याचा टेहळणीचा बाण भिंतीवर दोनदा उसळवता येतो. कुठल्या कौलाच्या टोकाला नेम धरला, किती ओढला, किती उसळ्या दिल्या की बाण नेमका कुठे पडतो, याचे शेकडो व्हिडिओ आहेत. पोरं ते तोंडपाठ करतात. फार चांगलं. पण बाणाने शत्रू दिसल्यावर आत जायला साथीदार तयार आहेत का, हे कुठल्याच व्हिडिओत नसतं. त्यांना आवाज देऊन ठेवावा लागतो. खो-खोत तो नियमच आहे. नुसता पाठीवर हात लावून चालत नाही, ‘खो’ मोठ्याने म्हणावं लागतं.

‘डोटा’च्या निकालपत्रात प्रत्येकाच्या नावापुढे तीन आकडे असतात. किती मारले, किती वेळा मेला, आणि तिसरा, किती वेळा दुसऱ्याच्या शिकारीला हातभार लावला. तिसरा आकडा बघूनच मी संघ निवडायचो. आपल्या पेपरांत खो-खोची बातमी येते तेव्हा खेळाडूच्या नावापुढे कंसात मजकूर असतो: इतकी मिनिटं संरक्षण व इतके गडी. चौकात बसून, साखळी नेमकी कुठे तुटते ते हेरून, अर्धा क्षण आधी खो देणाऱ्या पोराचा त्या कंसात आकडा नाही.